हॉलची किल्ली कोणाकडे असते?

प्रति,
नागपुरातली देवळं, विहार, मशिदी, गुरुद्वारे आणि चर्च यांच्या समित्यांचे अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि विश्वस्त मंडळी यांस,

जय भीम, राम राम, सलाम, सत श्री अकाल. ज्याला जो चालतो त्यानं तो घ्यावा, मी सगळे मनापासून घातले आहेत.

मागणी आधीच सांगून टाकते, म्हणजे बैठकीत पत्र वाचताना मधेच चहा आला आणि पुढचं राहून गेलं तरी बिघडणार नाही. तुमच्या सभागृहाची किल्ली रोज दुपारी चार ते रात्री नऊ वस्तीतल्या शिकणाऱ्या मुलींना द्या. तुमची वंदना, आरती, नमाज, सत्संग, प्रार्थना, लग्नाचं बुकिंग, जे असेल तो वेळ सोडून. एवढंच. बाकीचं पत्र हे का मागतेय त्याचं आहे.

मी उत्तर नागपुरातली, तेवीस वर्षांची. बी.एस्सी. झाले, सकाळी एका शिकवणी वर्गात आठवी-नववीला गणित शिकवते. घर दोन खोल्यांचं, वर टिनाचं छप्पर. माझी चुलत बहीण आमच्यातच राहते, यंदा बारावीला आहे. घरात टीव्ही, आजीचा खोकला, वहिनीचं आठ महिन्यांचं बाळ, आणि संध्याकाळी सातच्या सुमाराला कोणी ना कोणी येऊन बसणारच. त्यांचा चहा करणारी तीच. साडेनवाला सगळं आवरलं की ती शेजारच्यांच्या जिन्यात जाऊन बसते. तिसऱ्या पायरीवर ती, चौथ्या पायरीवर रसायनशास्त्र, पाचवीवर मच्छर अगरबत्ती, आणि वर झिरोच्या बल्बाहून जरासा बरा एक बल्ब. कोणी वर जायला आलं की तिला वह्या गोळा करून उभं राहावं लागतं. एका रात्री मी मोजलं, दीड तासात ती अकरा वेळा उठली.

तिचा सख्खा भाऊ स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. तो महिन्याचे पैसे भरून खाजगी अभ्यासिकेत जातो आणि रात्री अकराला गाडीवर परत येतो. हिलाही पाठवा म्हटलं तर काका म्हणाले, "पाठवलं असतं वं, पण येताना तो पानठेला लागते ना." काका काही वाईट माणूस नाही. पानठेल्यावरचं टोळकं त्यांनी आपल्या तरुणपणी आतून पाहिलेलं आहे, म्हणून त्यांना भीती आहे.

आमच्या दारापासून विहाराचा हॉल एकशे चाळीस पावलांवर आहे. मधे पानठेला नाही. खाली गुळगुळीत फरशी, वर सहा पंखे, भिंतीवर कोणाच्या तरी स्मरणार्थ दिलेलं घड्याळ, कोपऱ्यात छातीएवढ्या रचलेल्या लाल खुर्च्या आणि प्रत्येकीच्या पाठीवर पांढऱ्या रंगात दात्याचं नाव. रविवारी सकाळी तासभर वंदना होते. कधी नामकरण, कधी पुण्यानुमोदन. बाकी आठवडाभर कुलूप. बाहेरची ट्यूब मात्र रात्रभर जळते, तिच्याखाली कुत्री झोपतात. पलीकडच्या गल्लीतल्या देवळाचा हॉल याहून मोठा आहे आणि याहून जास्त बंद असतो. माझी मैत्रीण मोमीनपुऱ्याकडची आहे, ती म्हणते आमच्याकडेही वरचा मजला तसाच, रमजान सोडला तर धूळ खात.

आता तुम्ही म्हणाल की हे सरकारकडे का मागत नाही. डिसेंबरात अधिवेशन नागपूरला येईल, मोर्चे निघतील, तिथे एक निवेदन देऊन टाका. सरकारकडून जे मिळायचं ते बऱ्यापैकी मिळालं आहे, हे मी उपकार म्हणून नाही, हिशोब म्हणून सांगते. राज्यात मुलींना बारावीपर्यंत शिक्षण मोफत आहे. खेड्यातल्या मुलींना शाळेसाठी एसटीचा पास फुकट आहे. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि सामाजिक-शैक्षणिक मागास (एसईबीसी) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. पण ते व्यावसायिक कॉलेज येतं बारावीनंतर आणि सीईटी-नीटनंतर. शिक्षण हक्काचा कायदा चौदाव्या वर्षी हात सोडतो. म्हणजे नववी ते बारावी, जी खरी घसरगुंडी आहे, तिथे मुलीच्या पाठीशी उरतात घरचे आणि वस्ती. आणि वस्तीत जागा असलेलं कोण, तर तुम्ही. आमच्या वस्तीत शाळा एक, वाचनालय एकही नाही, दवाखाना अर्धा. प्रार्थनास्थळं मात्र मी मोजली तर नऊ निघाली. मी तक्रार करत नाहीये. नऊ हॉल म्हणजे नऊ छपरं, असं मी धरते.

दुसरं कारण जरा लांब आहे, पण पत्र लिहायला बसले ते त्याच्यासाठीच.

आम्ही सात जण आहोत, पाच मुली आणि दोन मुलं. रविवारी दुपारी आम्ही वस्तीतल्या मुलींना शिकवतो. कधी कोणाच्या अंगणात, कधी शाळेच्या व्हरांड्यात, उन्हाळ्यात एका आजींच्या कुलरसमोर. संस्था नाही, नोंदणी नाही, बॅनर नाही. लोक आम्हाला विचारतात की हे वेड तुमच्या डोक्यात कुठून आलं, मोबाईलवरून का? थोडं मोबाईलवरूनच आलं, खोटं कशाला बोलू. पण खोदत गेलं की प्रत्येकाच्या मुळाशी एखादी बाई निघते, आणि तिच्या मागे तिचा धर्म.

मोमीनपुऱ्याकडच्या मैत्रिणीचं सांगते. ९ ऑक्टोबर २०१२ ला पाकिस्तानातल्या स्वात खोऱ्यात मलाला युसुफझाईला शाळेच्या गाडीत चढून गोळी मारली. ती पंधराची होती, आम्ही दहाच्या. त्याआधी २००९ मध्ये तालिबाननं मुलींच्या शाळा बंद करायचा हुकूम काढला, तेव्हा तिनं 'गुल मकई' या टोपणनावानं बीबीसी उर्दूसाठी रोजनिशी लिहिली होती. सतराव्या वर्षी, २०१४ साली, आपल्या कैलाश सत्यार्थींबरोबर तिला नोबेल मिळालं. हे सगळं पेपरात आलेलं, सगळ्यांना माहीत. पण माझी मैत्रीण एक वेगळंच बोलली. "गोळी मारणारे इस्लामचं नाव घेत होते आणि गोळी खाणारीपण इस्लामचंच नाव घेत होती. डोक्यावरचा दुपट्टा तिनं टाकला नाही, शाळा पण टाकली नाही. मग म्हटलं, खरं कोणाचं ते आपणच वाचून पाहावं." तिनं वाचलं. पैगंबरांवर उतरलेला पहिला शब्द 'इक़रा', म्हणजे वाच. दहावीनंतर बंद करायचं ठरलं होतं तिचं. ती अब्बांसमोर बसली आणि म्हणाली, अब्बा, पहिलाच हुकूम वाचायचा आहे, मग माझं वाचणं बंद कोणत्या हुकमानं? अब्बा तीन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी बर्डीवरून अकरावी सायन्सच्या जुन्या पुस्तकांची पिशवी घेऊन आले आणि काही न बोलता खाटेवर ठेवली. आज ती नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि रविवारी आमच्यात जीवशास्त्र शिकवते.

अफगाणिस्तानात २०२१ पासून मुलींच्या माध्यमिक शाळांना कुलूप आहे, २०२२ च्या डिसेंबरात विद्यापीठांनाही लागलं. आमच्या मोबाईलवर ते येतं तेव्हा आम्ही हळहळतो, पुढे पाठवतो. मग बाहेर पाहावं तर आमच्या गल्लीतही एक कुलूप असतंच. दोन्ही कुलपं सारखी नाहीत हे मला कळतं. तिथं बंदूक आहे, इथं फक्त आळस आहे आणि "मग जबाबदारी कोणाची" आहे. पण जिन्यात बसलेल्या पोरीला आतून तेवढाच फरक पडतो का, हे मी ठरवू शकत नाही.

महाल भागातला आमचा एक मित्र आहे, त्याच्या घरी पिढ्यान् पिढ्या कीर्तन. त्याच्या आजोबांनी लहानपणी गाडगेबाबांना ऐकलेलं. बाबा कीर्तनात सांगायचे की जेवायचं ताट मोडा, हातावर भाकरी खा, पण पोरांना शाळेत घाला. स्वतः शाळेचं तोंड न पाहिलेला, खराटा घेऊन फिरणारा अमरावतीकडचा हा माणूस धर्मशाळा बांधत गेला. देऊळ बांधण्याच्या भानगडीत पडला नाही. धर्मशाळा म्हणजे काय, तर ज्याला जागा नाही त्याला जागा. मित्र म्हणतो, आजोबांनी ते ऐकून आत्याला मॅट्रिक केलं, आणि आत्याकडे पाहून मी इथे आलो. आता त्याच आजोबांचा फोटो ज्या हॉलमध्ये लागला आहे, त्या हॉलची किल्ली मिळावी म्हणून हा नातू दोन महिने चकरा मारतोय.

आणि माझं. माझी आजी १९५६ साली आठ वर्षांची होती. उमरेडकडून तिच्या बापाच्या खांद्यावर बसून दीक्षाभूमीवर आली. तिला आठवतं ते इतकंच की सगळीकडे पांढरं होतं आणि बाप रडत होता. शाळा तिला मिळाली नाही. मी तिसरीत असताना तिला अक्षरं शिकवायला बसले होते, तर 'ज्ञ' पाशी तिनं पाटी बाजूला ठेवली, म्हणाली हे अक्षर नाही, गुंता आहे, तू सोडव. विहारातल्या पुस्तकांच्या कपाटातून मी शेवटचं पुस्तक आणलं ते थेरीगाथांवरचं, म्हणजे बुद्धाच्या काळातल्या भिक्खुणींच्या गाथांवरचं, मागचा पुठ्ठा फाटलेलं. त्याच्यात सोमा नावाची एक भिक्खुणी भेटली. माणसाला मोहात पाडणारा मार तिला भुलवायला येतो आणि म्हणतो, ऋषींना जे साधत नाही ते दोन बोटांची अक्कल असलेल्या बाईला काय साधणार. दोन बोटांची अक्कल म्हणजे भाताचं शीत दोन बोटांत दाबून भात शिजला का नाही ते बघण्यापुरती. सोमा विचारते, चित्त स्थिर असेल, ज्ञान जागं असेल, तिथं बाईपणाचा संबंध काय? अडीच हजार वर्षांपूर्वीची बाई. मी ते आजीला वाचून दाखवलं. ती खोकत खोकत हसली, म्हणाली, "त्या माराले सांग, दोन बोटांनी शीत दाबता येते तर दोन बोटांत पेन्सिल बी धरता येते."

त्यानंतर ते कपाट काही उघडलं नाही. किल्ली जुन्या खजिनदारांकडे होती आणि ते मुलाकडे पुण्याला राहायला गेले. चार वर्षं झाली. काचेतून पुस्तकं दिसतात, वाळवीची रेघही दिसते.

या शहराला या बाबतीत शिकवायची कोणाची हिंमत नसावी, असा त्याचा इतिहास आहे. जाईबाई चौधरी हे नाव तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलंय? जन्म १८९२, उमरेडचा. दुष्काळात घरचे नागपूरला आले. कोवळ्या वयात लग्न झालं आणि पोटासाठी ती डोक्यावर ओझी वाहायला लागली, नागपूर ते कामठी. आज ऑटोनं जाताना आपल्याला कंटाळा येतो तो रस्ता, डोक्यावर दुसऱ्याचं सामान घेऊन पायी. एका मिशनरी ननची तिच्यावर नजर गेली, तिनं जाईबाईंना मिशनच्या शाळेत शिक्षिका म्हणून लावून घेतलं. शिकवणारी बाई अस्पृश्य आहे हे कळल्यावर वरच्या जातीच्या पालकांनी गलका केला आणि नोकरी गेली. मग १९२२ साली त्यांनी नागपुरातच मुलींची शाळा काढली आणि नाव ठेवलं संत चोखामेळा. ज्या चोखोबाची समाधी पंढरपुरात देवळाबाहेर पायरीशी आहे, त्याचं नाव दारावर लावून त्यांनी मुलींना आत घेतलं.

मला या गोष्टीत सगळ्यात जास्त काय आवडतं सांगू? एक ख्रिस्ती नन, एक वारकरी संत आणि पुढे बाबासाहेबांची चळवळ, हे तिन्ही त्या एका बाईच्या आयुष्यात येऊन गेले आणि तिला त्यातलं काहीच परकं वाटलं नाही. परकं करणारे दुसरेच. १९३७ साली अखिल भारतीय महिला परिषद नागपुरात भरली, तेव्हा शिकल्या-सवरल्या, सुधारलेल्या बायकांनी जाईबाईंची पंगत वेगळी मांडली. जाईबाई आणि त्यांच्या मैत्रिणींनी ते गिळलं नाही, जाहीर निषेध केला. पाच वर्षांनी, २० जुलै १९४२ ला, याच शहरात मोहन पार्कला दलित महिलांची परिषद झाली. अध्यक्ष अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. बाबासाहेब बोलले की कोणत्याही समाजाची प्रगती मी त्या समाजातल्या बायकांनी किती प्रगती केली त्यावरून मोजतो. हे वाक्य तुमच्यातल्या अर्ध्या समित्यांच्या भिंतीवर ऑइल पेंटनं लिहिलेलं आहे. आमच्या विहारातही आहे, बरोबर त्या कुलूपबंद कपाटाच्या वर.

आता तुमच्याकडे आलो होतो तेव्हाचं. नावं घेत नाही. पाच ठिकाणी गेलो, कुठे बसवलं, कुठे उभ्यानं बोलले. पहिला प्रश्न सगळीकडे सारखाच होता, "तू कोणाची व्हय वं?" बापाचं नाव सांगितलं की मग पुढचं. एका ठिकाणी काका म्हणाले, "पोरी रात्री नऊपर्यंत इथं बसन, काही झालं तर नाव समितीचं जाईन." दुसरीकडे म्हणाले मुलांनाच देऊ ना, मुलं निदान वर्गणीला तरी फिरतात. तिसऱ्या ठिकाणी खरंच मुलांची अभ्यासिका चालू आहे, चांगली आहे, पण मुलींना तिथे जाता येत नाही कारण संडास एक आणि त्याला कडी नाही. कडी! वीस रुपयांची कडी आणि चार स्क्रू. चौथ्या ठिकाणी अध्यक्ष हो म्हणाले, आम्ही नाचायचेच बाकी होतो, तर सचिवांनी हळूच विचारलं, "अन् त्या चार दिवसांत येतील तर?" मग सगळे छताकडे पाहायला लागले. आमच्यातली मुलंही.

त्या प्रश्नाचं उत्तर तिथे सुचलं नाही, आता देते. आपल्याच विदर्भात, रिद्धपुराच्या वाटा तुडवत तेराव्या शतकात महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी हिंडले. त्यांनी बायकांना शिष्य केलं आणि त्यांचा विटाळ मानला नाही. शरीराच्या बाकी स्रावांसारखाच हाही एक, असं त्यांचं म्हणणं. महदाइसा नावाची शिष्या सतत प्रश्न विचारायची, तर तिच्यावर डाफरायचं सोडून त्यांनी कौतुकानं तिला जिज्ञासक म्हटलं. मराठीतली पहिली कवयित्री म्हणून आपण शाळेत जिचं नाव पाठ करतो ती हीच, महदंबा. तिला कोणी "त्या चार दिवसांत येशील का" विचारत बसलं असतं तर आपल्या भाषेचंच एक पान कोरं राहिलं असतं. आणि सचिव काका, खरं सांगायचं तर मुली अभ्यासाला येणार आहेत हॉलमध्ये. गाभाऱ्यात यायचं त्यांनी मागितलेलं नाही. तो वाद तुम्ही तुमच्या वेळेनं घाला.

पाचव्या ठिकाणी काय झालं ते सांगायचं राहिलं. तिथल्या मौलाना साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाले, वरचा मजला देतो, पण जिना रस्त्याच्या बाजूनं नाही, मागच्या अंगणातून करून घेऊ म्हणजे मुलींना पण बरं. तेवढ्यापुरतं बांधकाम ट्रस्टच्या पुढच्या बैठकीत आहे. बैठक दोनदा पुढे गेली. आम्ही अजून त्यांना मानतो, कारण पाचांपैकी त्यांनी एकट्यानंच "कशासाठी" असं विचारलं नाही, "कसं" विचारलं.

विजेचं बिल हा मुद्दा बहुतेक ठिकाणी निघाला, तर तो गणिताच्या बाईला सोडवू द्या. चार एलईडी ट्यूब वीस-वीस वॅटच्या, सहा पंखे पंचाहत्तर वॅटचे. मिळून ५३० वॅट. पाच तास चालवले तर रोजचे २.६५ युनिट, महिन्याला ऐंशीच्या आत. थंडीत पंखे बंद, म्हणजे महिन्याला बारा युनिट. बाहेर रात्रभर जळणारी ती ट्यूब कुत्र्यांच्या झोपेआड येते, ती बंद केली तर थोडं आणखी वाचेल. आणि जयंतीला, गणपतीला, उरुसाला, नगरकीर्तनाला जो मंडप, लायटिंग, डीजे होतो, त्याचा एका रात्रीचा आकडा तुम्हाला माझ्याहून चांगला माहीत आहे. डीजे बंद करा असं मी म्हणत नाही, आमचीच पोट्टी पुढे नाचतात. दोन बॉक्स कमी लावा आणि वर्षभर पंखे चालवा, इतकंच.

तुमच्याकडून एक वाक्य नेहमी ऐकते. आजकालची पोरं धर्माला मानत नाहीत, विहारात येत नाहीत, देवळात येत नाहीत. काका, पोरं येतात. दीक्षाभूमीवर दसऱ्याला आणि १४ ऑक्टोबरला पाहा, तरुण पोरं-पोरी पुस्तकांच्या स्टॉलवर कशी तुटून पडतात, जेवणाचे पैसे वाचवून गठ्ठे घेऊन जातात. ताजबागेत गुरुवारी पाहा. टेकडीच्या गणपतीला परीक्षेच्या दिवसांत हॉलतिकीट खिशात घेऊन रांगेत उभी असतात, त्यात माझ्यासारख्या बौद्ध घरातल्याही असतात, आई रागावते तरी. पोरं जिथं काहीतरी मिळतं तिथं येतात. तुमच्याकडे आल्यावर मिळतं काय, तर वर्गणीचं पुस्तक आणि खुर्च्या उचलायचं काम. १८५५ साली फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे नावाच्या मुलीनं 'ज्ञानोदय'मध्ये निबंध लिहून देवालाच विचारलं होतं की ब्राह्मण म्हणतात वेद आमचेच, तर मग आमचा धर्म कोणता ते तरी सांग. शिकलेली मुलगी असले प्रश्न विचारणार. आमच्या वर्गातल्या मुली विचारतात. एकीनं मला विचारलं की ताई, अष्टशीलाच्या दिवशी आई उपवास करते, बाबा करत नाहीत, असं का? दुसरीनं विचारलं की एकादशीला देव खिचडी मोजतो का. याला तुम्ही धर्म बुडाला म्हणत असाल तर म्हणा. मला तर वाटतं की ज्या घराशी संबंध तुटला, त्या घराबद्दल कोणी इतकं विचारत बसत नाही.

३ जानेवारी जवळ येतेय. सावित्रीबाईंचे बॅनर लागतील. वर सावित्रीबाई, खाली समितीच्या सतरा जणांचे फोटो, कोपऱ्यात 'सौजन्य'. गेल्या वर्षी आमच्या चौकातल्या बॅनरवर एकही मुलगी नव्हती, सावित्रीबाई सोडून, आणि त्याही बॅनरवाल्यानं एवढ्या गोऱ्या केल्या होत्या की आजीनं ओळखल्या नाहीत. यंदा तो बॅनर नका लावू. त्या पैशात संडासाची कडी, एक मोठी चटई, आणि पिण्याच्या पाण्याचा कॅन येतो. मी भाव काढून ठेवले आहेत.

बाकी व्यवस्थेची काळजी करू नका. "लक्ष कोण ठेवणार" तर तुमच्याच भजनी मंडळातल्या, महिला मंडळातल्या आज्या. माझी आजी तयार आहे, ती म्हणते मी दारात बसून वाती वळीन नाहीतर लसूण सोलीन, पण पोट्ट्यांना आत येऊ देणार नाही. हजेरीची वही आम्ही ठेवू. हॉल झाडून घ्यायचा, सतरंज्या घालायच्या-काढायच्या आमच्याकडे. लग्न किंवा कार्यक्रम असला तर आदल्या दिवशी सांगा, त्या दिवशी आम्ही दुसऱ्या हॉलला जाऊ, नऊ आहेत. एकच अट आमच्याकडून आहे. ज्या गल्लीत हॉल, त्या गल्लीतली कोणतीही मुलगी आत बसेल. विहारात मोमिनांची बसेल, देवळात बौद्धांची, मशिदीच्या वरच्या मजल्यावर तेल्या-कुणब्यांची. दारात जात-धर्म विचारायचा नाही. जाईबाईंची पंगत एकदा वेगळी मांडून झाली आहे, पुन्हा नको.

बारावीची परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते, मग दहावीची, आणि मे महिन्यात नीट. मे महिन्यातलं नागपूर तुम्हाला सांगायला नको, टिनाखाली बसून भौतिकशास्त्र वाचणं म्हणजे तव्यावर बसून वाचणं. तेव्हा आत्ताच्या थंडीतच काय ते ठरवा.

येत्या शनिवारी संध्याकाळी आम्ही सात जण पुन्हा फिरणार आहोत. पाचही ठिकाणी जाऊ, उरलेल्या चार ठिकाणीही जाऊ. किल्ली कोणाच्या घरी असते तेवढं दारावर चिठ्ठीत लिहून ठेवलंत तरी चालेल, बसवून घ्यायची, चहा करायची गरज नाही. चहा माझी बहीण करते तोच पुष्कळ झाला.

आपली,
विहाराच्या मागच्या गल्लीतली एक मुलगी

ता. क. – कपाटाची किल्ली पुण्याहून आणण्याऐवजी कुलूप तोडू का, असं विचारलं तर कळलं की त्याला समितीचा ठराव लागतो. ठराव मी लिहून आणते, दोनच ओळींचा आहे. सही तेवढी तयार ठेवा. हातोडी काकांकडे आहे.